तुमच्या लॅपटॉपमध्ये नेमके किती पायथन आहेत?

हे एपिसोडचं लिखित रूप आहे, कारण कमांड कानाने ऐकून लक्षात राहत नाहीत, त्या डोळ्यांसमोरच लागतात. बोलताना जशा उच्चारल्या तशाच त्या इथे मराठीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे. 'डॅश' म्हणजे आडवी रेघ, 'डॉट' म्हणजे टिंब, आणि 'पी वाय' म्हणजे ती दोन अक्षरं जोडून.

तर विषयाकडे येऊया. आपल्याकडे सगळ्यात जास्त येणारा मेसेज साधारण असा असतो: "दादा, फायनल इयरचा प्रोजेक्ट मित्राच्या लॅपटॉपवर चालतो, माझ्या लॅपटॉपवर नाही. पायथन दोनदा काढून परत टाकलं. आता फॉरमॅट मारू का?"

नका मारू. एक तर त्या लॅपटॉपमध्ये फक्त तुमचा प्रोजेक्ट नसतो. बहिणीच्या ॲडमिशनची कागदपत्रं असतात, बाबांनी स्कॅन केलेला सातबारा असतो, घरातल्या लग्नाचे फोटो असतात. आणि दुसरं म्हणजे, फॉरमॅट मारून हा प्रश्न सुटतच नाही. दोन आठवड्यांनी दुसरा प्रोजेक्ट आला की तोच एरर परत दारात उभा.

खरी गोष्ट एका वाक्यात सांगतो, बाकी सगळा एपिसोड त्याचाच विस्तार आहे: भाषेचं व्हर्जन कॉम्प्युटरचं नसतं, प्रोजेक्टचं असतं. "माझ्या लॅपटॉपवर कुठलं पायथन आहे?" हा प्रश्नच चुकीचा आहे. "या प्रोजेक्टला कुठलं पायथन लागतं?" हा बरोबर प्रश्न.

मुळात इतकी व्हर्जन कशाला?

थोडा इतिहास बघू. पायथन २ आलं २००० साली. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आलं, आणि ते मुद्दाम जुन्याशी न जुळणारं बनवलं होतं. जुन्या चुका एकदाच निस्तरायच्या, असा विचार होता. पण जगभर पायथन २ मध्ये लिहिलेला कोड इतका होता की लोकांना सरकायला वर्षं लागली. पायथन २ चा अधिकृत शेवट आधी २०१५ ला ठरला होता, तो पुढे ढकलून १ जानेवारी २०२० केला. म्हणजे जवळजवळ अकरा वर्षं दोन्ही पायथन शेजारी शेजारी नांदत होते.

या बदलातलं सगळ्यात फसवं उदाहरण सांगतो. पायथन २ मध्ये ५ भागिले २ केलं की उत्तर २ येतं. पायथन ३ मध्ये तेच २.५ येतं. एरर येत नाही, लाल अक्षरं दिसत नाहीत, उत्तर गुपचूप बदलतं. एरर आला तर निदान कळतं तरी. इथे मार्कांची सरासरी चुकते आणि कोणाला पत्ता लागत नाही.

"पण दादा, आता तर सगळीकडे पायथन ३ च आहे ना?" हो, पण ३ च्या आतही बरंच काही बदलतं. हल्ली दरवर्षी ऑक्टोबरमध्ये एक नवं व्हर्जन येतं: २०२३ मध्ये ३.१२, २०२४ मध्ये ३.१३, २०२५ मध्ये ३.१४. प्रत्येक व्हर्जनला साधारण पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात, मग ते निवृत्त होतं. ३.९ असंच ऑक्टोबर २०२५ मध्ये निवृत्त झालं.

आणि प्रत्येक नव्या व्हर्जनमध्ये काही जुन्या गोष्टी काढून टाकतात. ३.१० मध्ये 'कलेक्शन्स' मॉड्यूलमधली 'मॅपिंग'सारखी काही नावं तिथून काढली गेली. ३.१२ मध्ये 'डिस्टयुटिल्स' हे अख्खं मॉड्यूल गेलं, आणि कितीतरी जुनी पॅकेजेस इन्स्टॉल होताना त्याच्यावरच अवलंबून होती. ३.१३ मध्ये तर 'सीजीआय', 'टेलनेटलिब' यांच्यासह १९ मॉड्यूल्स एका झटक्यात काढली. म्हणजे सीनियरने २०२१ मध्ये लिहिलेला प्रोजेक्ट तुमच्या आजच्या पायथनवर पडला, तर त्यात सीनियरचीही चूक नाही आणि तुमचीही नाही. दोघांचे काळ वेगळे आहेत, इतकंच.

इथे एक छोटा सापळा आहे. ३.१० हे 'तीन पॉइंट दहा' असं वाचायचं, 'तीन पॉइंट एक शून्य' नाही. तो दशांश अपूर्णांक नाही. म्हणून ३.१० हे ३.९ च्या नंतरचं. हे माणसांनाच नाही, कॉम्प्युटरलाही फसवतं. यामल नावाच्या सेटिंग फाइलमध्ये ३.१० अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं, तर तो आकडा समजून ३.१ होतो आणि सगळं बिघडतं. तिथे नेहमी अवतरणचिन्हं टाकायची.

'पायथन' अशी हाक मारली की ओ कोण देतं?

समजा तुम्ही एखाद्या गावात एसटीतून उतरलात आणि विचारलंत, "पाटलांचं घर कुठे?" गावात पाटील सात. वाट दाखवणारा तुम्हाला रस्त्यात लागणाऱ्या पहिल्या पाटलांकडे सोडून मोकळा. ते तुमचे पाटील आहेत की नाहीत, हे त्याने बघितलेलंच नाही.

टर्मिनलमध्ये 'पायथन' टाइप केल्यावर अगदी हेच होतं. कॉम्प्युटरकडे 'पाथ' नावाची फोल्डरांची एक यादी असते. तो त्या यादीत वरून खाली शोधत जातो, आणि पायथन नावाची पहिली फाइल जिथे सापडेल ती चालवतो. बाकीची बघतही नाही. म्हणून नवं पायथन टाकलं तरी जुनंच उत्तर देत राहतं, आणि आपण म्हणतो, "अरे, आत्ता तर इन्स्टॉल केलं!"

तर आधी जनगणना करा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून टाइप करा:

व्हेअर पायथन

लिनक्स किंवा मॅकवर:

व्हिच डॅश ए पायथन३

जितक्या ओळी येतील साधारण तितके पायथन. तीन-चार आले तर घाबरू नका. एक ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर आलेलं असेल, एक वेबसाइटवरून घेतलेलं, एक ॲनाकोंडाबरोबर आलेलं. सगळ्यात वरची ओळ म्हणजे हाकेला ओ देणारे पाटील.

विंडोजवर यात आणखी एक गंमत आहे. पायथन इन्स्टॉल नसताना 'पायथन' टाइप केलं, तर थेट मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. कारण विंडोजने त्या नावाची एक पाटी आधीच लावून ठेवलेली असते. पायथन टाकल्यावरही स्टोअर उघडत असेल, तर सेटिंग्जमध्ये 'ॲप एक्झिक्युशन एलियासेस' शोधा आणि तिथली पायथनची बटणं बंद करा.

आता सगळ्यात जास्त रडवणारी गोष्ट. तुम्ही 'पिप इन्स्टॉल पांडाज' करता, 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' असं येतं, आणि प्रोग्राम चालवला की 'नो मॉड्यूल नेम्ड पांडाज'. असं का? कारण 'पिप' हीसुद्धा एक वेगळी फाइल आहे, आणि तीही त्याच पाथमधून शोधली जाते. पिप एका पाटलांच्या घरचं, पायथन दुसऱ्या पाटलांच्या. लायब्ररी एका घरात गेली, तुम्ही शोधताय दुसऱ्या घरात.

उपाय साधा आहे. नुसतं 'पिप' कधी लिहायचंच नाही. असं लिहायचं:

पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल पांडाज

याचा अर्थ: जे पायथन मी चालवतोय, त्याच्याच पिपने टाक. ही एवढी एक सवय लावली तरी निम्मे मेसेज यायचे बंद होतील.

व्हीएस कोड वापरत असाल तर त्याचीही स्वतंत्र निवड असते. पायथनची फाइल उघडी असताना खाली उजव्या कोपऱ्यात व्हर्जनचा आकडा दिसतो, त्यावर क्लिक करून बदलता येतो. टर्मिनलमध्ये चालतं पण व्हीएस कोडमध्ये नाही, किंवा ज्युपिटरमध्ये नाही, अशी तक्रार असेल तर नव्वद टक्के वेळा दोन्हीकडे वेगळं पायथन निवडलेलं असतं. शंका आली की प्रोग्रामच्या सुरुवातीला 'इम्पोर्ट सिस' लिहा आणि 'सिस डॉट एक्झिक्युटेबल' प्रिंट करा. चालणारं पायथन स्वतःच आपला पत्ता सांगतं.

सिस्टिमच्या पायथनला हात लावू नका

हा भाग लिनक्स वापरणाऱ्यांनी दोनदा वाचा.

उबुंटूबरोबर जे पायथन येतं ते तुमच्यासाठी ठेवलेलं नसतं. ते उबुंटूच्या स्वतःच्या कामाचं आहे. २०.०४ मध्ये ३.८, २२.०४ मध्ये ३.१०, २४.०४ मध्ये ३.१२, असं प्रत्येक उबुंटूचं पायथन ठरलेलं असतं, आणि सिस्टिमची बरीच अवजारं त्याच्यावर चालतात. भाड्याच्या घरात मालकाचं एक कपाट असतं ना, ज्याला आपण हात लावत नाही, तसंच हे.

लोक काय करतात? इंटरनेटवर कुठेतरी वाचून 'पायथन३' हे नावच दुसऱ्या व्हर्जनकडे वळवतात. दुसऱ्या दिवशी उबुंटूचं टर्मिनलच उघडत नाही, कारण त्याला सुरू करणारी छोटी फाइल पायथनमध्ये लिहिलेली असते. नवं सॉफ्टवेअर टाकायला जावं तर 'एपीटी पीकेजी' नावाचं मॉड्यूल सापडत नाही, असा एरर येतो. आणि कोणी त्याहून पुढे जाऊन 'जुनं पायथन३ काढूनच टाकू' म्हणून ते अनइन्स्टॉल केलं, तर त्याच्यावर अवलंबून असलेलं सगळं सोबत जातं, अगदी डेस्कटॉपसुद्धा. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं उरतात, आणि उद्या व्हायवा असते.

म्हणूनच २०२३ पासून डेबियन आणि उबुंटूने इथे कुंपण घातलंय. डेबियन १२ किंवा उबुंटू २४.०४ वर थेट पिपने काही टाकायला गेलात, तर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' असा मोठा एरर येतो. मराठीत सांगायचं तर, हे पायथन आमचं आहे, तुमचं सामान तुमच्या खोलीत ठेवा. त्याच मेसेजमध्ये 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' नावाचा एक पर्यायही दिसतो, आणि तो लावला की एरर खरंच गायब होतो. पण नाव नीट वाचा. ते नाव ठेवणाऱ्यांनी काहीही लपवलेलं नाही!

मॅकवाल्यांनो, तुमच्याकडे वेगळी गोष्ट घडली. मॅकओएसबरोबर वर्षानुवर्षं पायथन २.७ यायचं. मार्च २०२२ मध्ये मॅकओएस १२.३ आलं आणि ॲपलने ते काढून टाकलं. ज्यांची कामं त्या आयत्या पायथनवर उभी होती, ती एका अपडेटमध्ये बंद पडली. धडा तोच: जे आपलं नाही, त्याच्यावर आपलं घर बांधायचं नाही.

दोन प्रश्न, दोन उत्तरं

इथपर्यंत आलात तर आता सगळ्यात महत्त्वाची गाठ सोडवू. नवीन लोकांचा गोंधळ होतो कारण पायएन्व्ह, व्हेन्व्ह, कोंडा, यूव्ही ही सगळी नावं एकत्र कानावर पडतात आणि एकाच कामाची वाटतात. खरं तर प्रश्न दोन आहेत.

पहिला: कुठलं पायथन? ३.१० की ३.१३? एकाच मशीनवर ही व्हर्जन शेजारी शेजारी कशी ठेवायची?

दुसरा: कुठल्या लायब्ऱ्या? एका प्रोजेक्टला नमपाय १ लागतं, दुसऱ्याला नमपाय २. एकाच पायथनमध्ये दोन्ही एकत्र राहू शकत नाहीत, नवं टाकलं की जुनं पुसलं जातं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे व्हर्जन मॅनेजर. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. नुसतं व्हेन्व्ह वापरून पायथनचं व्हर्जन बदलत नाही. आणि नुसतं व्हर्जन मॅनेजर वापरून लायब्ऱ्यांची भांडणं मिटत नाहीत. दोन्ही लागतात.

*पहिला प्रश्न: व्हर्जन*

विंडोजवर सोपं आहे. पायथन डॉट ऑर्गवरून हवी ती व्हर्जन टाका, ती वेगवेगळ्या फोल्डरांत गुण्यागोविंदाने राहतात. आधीचं काढायची गरज नाही. त्यांच्याबरोबर 'पी वाय' नावाचा एक लाँचर येतो, तो अगदी पायथन ३.३ पासून म्हणजे २०१२ पासून आहे, पण आपल्याकडे फार कमी जण वापरतात. काय काय इन्स्टॉल आहे ते बघायला:

पी वाय डॅश डॅश लिस्ट

आणि ३.१० च हवं असेल तर:

पी वाय डॅश ३.१०

म्हणजे नुसतं "पाटील" म्हणून हाक न मारता पूर्ण नाव घेऊन हाक मारली. पाथच्या यादीत कोण पहिलं आहे, याचा प्रश्नच उरत नाही.

लिनक्स आणि मॅकवर 'पायएन्व्ह' लोकप्रिय आहे. ते पाथच्या यादीत सगळ्यात वर स्वतःचं एक फोल्डर बसवतं. तुम्ही 'पायथन' म्हटलं की हाक आधी पायएन्व्हकडे जाते. मग ते चालू फोल्डरमध्ये 'डॉट पायथन डॅश व्हर्जन' नावाची फाइल आहे का बघतं. त्यात ३.१० लिहिलं असेल तर ३.१० ला पुढे करतं. एका फोल्डरमधून दुसऱ्यात गेलात की पायथन आपोआप बदलतं. फक्त एक काळजी घ्या. पायएन्व्ह पायथनचा सोर्स कोड आणून तो तुमच्याच मशीनवर कंपाइल करतं. जुन्या लॅपटॉपवर त्याला वेळ लागतो, आणि त्यासाठी लागणारी पॅकेजेस आधी टाकली नाहीत तर पायथन तयार होतं पण 'सीटाइप्स' किंवा 'एसक्यूलाइट'सारखं एखादं मॉड्यूल त्यात नसतं. पायएन्व्हच्या माहितीपानावर त्या पॅकेजेसची यादी आहे, ती आधी टाका, मग पुढे जा.

तिसरा पर्याय 'यूव्ही'. रस्ट भाषेत लिहिलेलं हे अवजार ॲस्ट्रल कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये आणलं, आणि ते विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीकडे चालतं. 'यूव्ही पायथन इन्स्टॉल ३.१०' म्हटलं की तयार बांधलेलं पायथन डाउनलोड होतं, कंपाइल करत बसावं लागत नाही. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी यूव्हीच सुचवेन. पण कॉलेजच्या लॅबमध्ये ते नसेल, म्हणून साधी पद्धतही यायलाच हवी.

*दुसरा प्रश्न: लायब्ऱ्या*

यासाठी वेगळं काही टाकायची सहसा गरज नाही. 'व्हेन्व्ह', म्हणजे व्ही ई एन व्ही, हे पायथन ३.३ पासून आतच आहे. फक्त उबुंटूवर त्याचं छोटं पॅकेज 'एपीटी'ने वेगळं टाकावं लागतं. ते टाकायला काही हरकत नाही, कारण ते सिस्टिमच्या अधिकृत दारातून येतं.

व्हेन्व्ह म्हणजे प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये आणखी एक फोल्डर, ज्यात या प्रोजेक्टच्या लायब्ऱ्या राहतात. आणि 'ॲक्टिव्हेट' करणं म्हणजे जादू नाही. ते फक्त या फोल्डरला पाथच्या यादीत सगळ्यात वर आणतं. बस. टर्मिनल बंद केलं की यादी पुन्हा पहिल्यासारखी. म्हणूनच टर्मिनल नवीन उघडलं की परत ॲक्टिव्हेट करावं लागतं.

एक खरं उदाहरण, पहिल्यापासून शेवटपर्यंत

समजा विंडोज लॅपटॉप आहे, त्यात एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आहे, आणि प्रोजेक्ट टेन्सरफ्लोचा आहे. तुम्ही पायथन ३.१३ टाकलंत, नवीन टेन्सरफ्लो टाकलं, आणि ट्रेनिंग ग्राफिक्स कार्डवर जातच नाही, सगळा भार सीपीयूवर.

कारण हे: थेट विंडोजवर ग्राफिक्स कार्ड वापरणारं शेवटचं टेन्सरफ्लो म्हणजे २.१०, सप्टेंबर २०२२ मधलं. आणि टेन्सरफ्लो २.१० चालतं पायथन ३.७ ते ३.१० वर. ३.११ वर ते इन्स्टॉलच होणार नाही. म्हणजे या प्रोजेक्टला पायथन ३.१० हवं. लॅपटॉपवर ३.१३ असलं तर असू दे, ते काढायचं नाही.

पायरी १. पायथन ३.१० इन्स्टॉल करा. 'ॲड टू पाथ' वर टिक करू नका, लाँचर आहे ना.

पायरी २. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि लिहा:

पी वाय डॅश ३.१० डॅश एम व्हेन्व्ह डॉट व्हेन्व्ह

शेवटचं 'डॉट व्हेन्व्ह' हे फोल्डरचं नाव, टिंब धरून. त्याच्या आधी एक स्पेस द्या.

पायरी ३. ॲक्टिव्हेट करा:

डॉट व्हेन्व्ह बॅकस्लॅश स्क्रिप्ट्स बॅकस्लॅश ॲक्टिव्हेट

ओळीच्या सुरुवातीला कंसात फोल्डरचं नाव दिसलं की झालं. पॉवरशेलमध्ये 'स्क्रिप्ट चालवायला परवानगी नाही' असा एरर आला, तर सरळ साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये जा.

पायरी ४. लायब्ऱ्या टाका. आणि इथेच दुसरा प्रश्न डोकं वर काढतो. नुसतं टेन्सरफ्लो २.१० मागितलं तर पिप सोबत नमपाय २ घेऊन येतं, कारण टेन्सरफ्लोच्या अटींत 'इतक्याहून जुनं नको' एवढंच लिहिलंय, 'इतक्याहून नवं नको' असं नाही. नमपाय २ आलं जून २०२४ मध्ये. २०२२ च्या लोकांना ते कसं माहीत असणार? मग इम्पोर्ट करतानाच 'नमपाय १ साठी बनवलेलं मॉड्यूल नमपाय २ वर चालणार नाही' अशा अर्थाचा एरर येतो. म्हणून 'पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल' च्या पुढे दोन गोष्टी लिहायच्या, दोन्ही अवतरणचिन्हांत: टेन्सरफ्लो, दोनदा बरोबरचं चिन्ह, २.१०.१, आणि नमपाय, 'पेक्षा लहान'चं चिन्ह, २.

ग्राफिक्स कार्डसाठी याशिवाय कूडा ११.२ आणि सीयूडीएनएन ८.१ लागतात, ती वेगळी टाकावी लागतात. बघा, व्हर्जन जुळवायचा खेळ पायथनपाशी संपतही नाही.

पायरी ५. सगळं चाललं की लगेच फोटो काढून ठेवा. मोबाइलने नव्हे, या कमांडने:

पायथन डॅश एम पिप फ्रीझ

हिचं आउटपुट 'रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटी' या फाइलमध्ये साठवा. आणि रीडमी फाइलमध्ये एक ओळ लिहा: "पायथन ३.१० वर तपासलं." कारण ती रिक्वायरमेंट्सची फाइल लायब्ऱ्यांची व्हर्जन सांगते, पायथनचं नाही. ही एक ओळ नसल्यामुळे पुढच्या वर्षीच्या ज्युनियरची अख्खी रात्र जाते.

पेनड्राइव्हवर काय द्यायचं, काय नाही

व्हेन्व्हचं फोल्डर कॉपी करून मित्राला देऊ नका. त्यात तुमच्या मशीनचे पूर्ण पत्ते लिहिलेले असतात, दुसऱ्याकडे ते लागू पडत नाहीत. तुमच्याच लॅपटॉपवर फोल्डर दुसरीकडे हलवलं तरी ते बिघडू शकतं. गिटमध्येही टाकू नका, 'डॉट गिटइग्नोर'मध्ये त्याचं नाव लिहा. द्यायचा फक्त कोड, रिक्वायरमेंट्सची फाइल आणि रीडमी. समोरचा आपलं व्हेन्व्ह पाच मिनिटांत स्वतः बनवेल.

याचा फायदा जागेतही होतो. टेन्सरफ्लो असलेलं एक व्हेन्व्ह एक जीबीच्या वर जातं. प्रोजेक्ट जमा झाला की ते फोल्डर बिनधास्त डिलीट करा. कोड आणि यादी जपून ठेवली असेल तर ते परत कधीही उभं करता येतं. जुना प्रोजेक्ट काढताना भीती वाटली नाही, म्हणजे तुम्हाला व्हर्जन सांभाळणं जमलं असं समजा.

मग रोजच्यासाठी कुठलं घेऊ?

प्रोजेक्टची अट नसेल, नुसतं शिकायचं असेल, तर सगळ्यात नव्याच्या एक मागचं घ्या. कारण सांगतो. नमपाय, पांडाज यांच्या आत बराचसा कोड सी भाषेतला असतो, आणि तो साधारणपणे प्रत्येक पायथन व्हर्जनसाठी वेगळा कंपाइल करून ठेवतात. त्या तयार गठ्ठ्याला 'व्हील' म्हणतात. नवं पायथन येतं तेव्हा सगळ्या लायब्ऱ्यांची व्हील लगेच तयार नसतात. मग पिप म्हणतं, ठीक आहे, इथेच कंपाइल करू. आणि तुमच्यासमोर येतं, 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस १४.० हवं'. लोक मग काही जीबी डाउनलोड करत बसतात, मोबाइलचा हॉटस्पॉट लावून! बहुतेक वेळा त्याची गरज नसते. एक व्हर्जन मागे गेलं की तीच लायब्ररी काही सेकंदांत इन्स्टॉल होते.

उलट्या बाजूनेही जपा. निवृत्त झालेलं व्हर्जन स्वतःच्या लॅपटॉपवर जुना प्रोजेक्ट चालवायला ठीक आहे. पण लोक वापरणार असलेली वेबसाइट त्याच्यावर ठेवू नका, कारण त्यात सुरक्षेची भोकं सापडली तरी ती बुजवायला आता अधिकृतपणे कोणी येणार नाही.

हे सगळं फक्त पायथनपुरतं नाही, बरं का. नोडसाठी 'एनव्हीएम' आहे, जावासाठी 'एसडीकेमॅन', रुबीसाठी 'आरबीएन्व्ह'. पायएन्व्ह तर आरबीएन्व्हवरूनच बेतलेलं आहे. 'एएसडीएफ' आणि 'मिझ' ही अवजारं अनेक भाषा एकत्र सांभाळतात. नावं वेगळी, विचार तोच: व्हर्जन प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये लिहून ठेवायचं, आणि अवजाराने ते वाचून योग्य भाषा पुढे करायची.

आज इतकंच करा. लॅपटॉप उघडा, 'व्हेअर पायथन' किंवा 'व्हिच डॅश ए पायथन३' टाइप करा, आणि किती ओळी आल्या ते बघा. एकही डिलीट करू नका. मग तुमच्या चालू प्रोजेक्टच्या रीडमीमध्ये ती एक ओळ लिहा, पायथनचं व्हर्जन सांगणारी. किती पायथन सापडले ते आम्हाला नक्की कळवा. आणि वर्गात कोणी फॉरमॅट मारायच्या तयारीत असेल, तर आधी त्याला ही लिंक पाठवा.

भेटू पुढच्या भागात!